गोठ्यामागची माती

लेंगऱ्यात आमच्या गोठ्यामागं
चार हात जागा आहे,
तिथं गाजरगवतसुद्धा उगवत नाही.
कोंबड्या वळसा घालून जातात.

बारा वर्षं तिथं आबांची भट्टी होती.
गुंटूरचं गलाईचं दुकान भावकीला सोडून आले
तेव्हा एक मूस, एक भाता आणि खोकला
एवढंच सोबत आणलं.
विट्याच्या सराफांकडची झाडलोट पोत्यानं यायची.
झाडलोटीत चांदी, चांदीला शिसं,
मग तेजाब,
आणि उरलेलं पाणी बादलीनं मागच्या दारी.
आईची अबोली दुसऱ्या आठवड्यात गेली.
ती काही बोलली नाही.
कुंडी पालथी घातली आणि तिच्यावर बसून
भांडी घासत राहिली.

मी मिरजेच्या कॉलेजात लॅब अटेंडंट.
काचा धुते, आगर शिजवते,
मगदूम मॅडमच्या प्लेटांतले ठिपके मोजते.
एकदा म्हणाल्या, सुलक्षणा,
मेलेली माती मिळेल का गं कुठं?
म्हटलं, घरचीच आहे.
जेवणाच्या डब्यातून आणली,
एस.टी.त मांडीवर धरून.

मॅडमनी नऊ प्लेटा मांडल्या.
पहिलीत शिसं चिमूटभर,
पुढं वाढवत नेलं,
नव्या सुनेच्या अंगावर कामं वाढवत नेतात तसं.
पाचवीपर्यंत गर्दी.
सातवीत तुरळक वस्ती, माळावरच्यासारखी.
आठवी कोरी.
आणि नववीत, तिसऱ्या दिवशी,
मोहरीएवढा एकच ठिपका.
काळा. कडेनं चकाकणारा.

हे जगतात कसे, विचारलं
तर मॅडमनी पावतीच्या पाठीवर एक गोल काढला,
गोलाला दार, दारात पंप.
आत आलेलं बाहेर उपसायचं.
दिवसरात्र. बस.
'शिसं आवडतं असं नाही गं त्यांना.
फक्त घरात ठेवून घेत नाहीत.'

मला आबांच्या हिरड्या आठवल्या.
सिव्हिलच्या डॉक्टरनी बॅटरी मारून दाखवलेली
दातांच्या मुळाशी निळी रेघ,
वहीच्या समासासारखी.
हाडांत बसलंय, म्हणाले होते.
आबांनी जन्मभर सगळं बाहेरच काढलं:
दोन बहिणींची लग्नं, विहिरीचा कठडा,
माझी बारावी.
शिसं तेवढं ठेवून घेतलं.

प्रयोग संपला की प्लेटा मीच मारते.
मोठ्या कुकरसारखं यंत्र,
पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं.
तेजाबाला न हटलेले
माझ्या एका बटणानं जातात.
त्या दिवशी आठ आत ठेवल्या.
नववी ठेवली नाही.
मॅडमना विचारून, असं मी सांगते.
खरं म्हणजे आधी ठेवली नाही, मग विचारलं.

झाकणाला चिकटपट्टी लावून
शनिवारी घरी नेली. नियमात बसत नाही.
आबांनी चष्मा पुसला,
प्लेट उन्हाकडं धरून जराशी कलती केली,
मुशीत डोकावताना करायचे तशी.
'नाव काय ह्याचं?'
नाव नाही. नंबर आहे. एल-नऊ.
'बरं हाय. गुंटुरात मलाबी
दुकानाच्या नंबरावरनंच वळखायचे.'

लहानपणी सांगायचे ते:
शिसं जळत आलं की चांदीवर रंग फिरतात,
जांभळा, हिरवा, मोराच्या मानेचा,
आणि एका क्षणाला ती डोळा उघडते.
भाता तेव्हाच थांबवायचा.
आधी थांबवला तर माल खोटा.

बराच वेळ ते त्या ठिपक्याकडं बघत राहिले.
मधेच खोकला आला,
तर मान वळवून, प्लेट हातभर लांब धरून
खोकले.
मग ती माझ्या ओंजळीत ठेवली.
'अजून डोळा उघडला न्हाई,' म्हणाले,
'चालू दे भाता.'